घरात नेट जास्त वापरलं तर टेलिफोनच्या नेटवर्कवर बोजा पडतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दिवसभर नेट चालू असतं. एकाचं ऑफिसचं काम, दुसऱ्याचे ऑनलाइन क्लास, संध्याकाळी सगळ्यांचे सिनेमे, शिवाय कॅमेरे आणि फोटोंचा बॅकअप. महिन्याचा आकडा कित्येकशे जीबीवर जातो. त्यावर कुणी म्हणतं की तुमच्यासारख्यांमुळे टेलिफोन कंपन्यांच्या नेटवर्कवर ताण येतो आणि त्याचा भुर्दंड कमी वापरणाऱ्यांना पडतो. हे खरं आहे का, आणि हा अन्याय म्हणायचा का?

मी कामाला सुरुवात केली ती टेलिफोन एक्स्चेंजच्या ट्रॅफिक प्लॅनिंगमध्ये आणि पुढे ब्रॉडबँडकडे आलो, त्यामुळे हा वाद दोन्ही काळांत जवळून पाहिला आहे. माझं उत्तर आधी सांगून टाकतो. महिन्याला किती जीबी वापरले यावरून कोण नेटवर्कला किती भारी पडला ते कळत नाही. नेटवर्क बांधायला किती खर्च येणार हे ठरतं गर्दीच्या तासावर: त्या तासात, अनेकांच्या वाटणीच्या एखाद्या जागी, एकाच वेळी किती मागणी आली यावर. जुन्या टेलिफोन नेटवर्कबाबत ही तक्रार अर्धी खरी होती. आजच्या फायबरबाबत ती बहुतेक वेळा चुकीची आहे. मोबाइल टॉवरवर चालणाऱ्या घरच्या नेटबाबत मात्र तिच्यात तथ्य आहे. आणि जिथे तथ्य आहे तिथेही ठपका ग्राहकावर ठेवण्याआधी नेटवर्क कसं आखलं आणि प्लॅन काय सांगून विकला, हे बघायला हवं.

आधी जुनं नेटवर्क समजून घ्यावं लागेल, कारण ही तक्रार तिथूनच आली आहे.

टेलिफोन एक्स्चेंज कधीच सगळ्यांनी एकाच वेळी बोलावं म्हणून बांधलेलं नव्हतं. घरापासून एक्स्चेंजपर्यंतची तांब्याची जोडी प्रत्येकाची स्वतःची, पण एक्स्चेंजच्या आतले मार्ग आणि दोन एक्स्चेंजमधल्या ट्रंक लाइनी सामायिक. त्या किती ठेवायच्या याचं गणित कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारूप एर्लांग यांनी मांडलं. त्यांचा या विषयावरचा पहिला लेख १९०९ चा आणि प्रसिद्ध सूत्र १९१७ चं. एक लाइन पूर्ण तासभर गुंतून राहिली तर तो एक एर्लांग भार. घरगुती फोन गर्दीच्या तासात साधारण पाच-सहा मिनिटं वापरला जाई, म्हणजे ०.१ एर्लांगच्या आसपास.

आता आकडे घालून बघा. पाचशे घरं, प्रत्येकाचा भार ०.१, म्हणजे एकूण ५० एर्लांग. शंभरात एखाद-दुसऱ्याच कॉलला लाइन मिळू नये अशी अट घातली, तर सूत्र सांगतं की ६४ सर्किट, म्हणजे सामायिक मार्ग, पुरतात. पाचशे घरांना चौसष्ट. सगळी काटकसर यातच होती आणि तिच्यामुळेच फोन सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

या पाचशेपैकी फक्त वीस घरांनी फोनच्याच लाइनवरून नेट देणारा मोडेम लावला आणि गर्दीचा पूर्ण तास नेट चालू ठेवलं असं धरू. उरलेल्या ४८० घरांचा भार ४८ एर्लांग आणि या वीस घरांचे वीस, मिळून ६८. सर्किट तेवढीच, ६४. गणित केलं की दर आठ कॉलमागे एक कॉल परत जातो असं उत्तर येतं. चार टक्के घरांनी सवय बदलली आणि शंभरात एक नकार होता तिथे आठात एक झाला. हे कागदावरचं गणित नव्हतं. डायलटोन मिळायला वेळ लागतो, सगळे मार्ग व्यस्त असल्याची घोषणा ऐकू येते, अशा तक्रारी घेऊन लोक खरंच यायचे.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि सगळा वाद तिच्यावर फिरतो. एक्स्चेंजला डेटाशी देणंघेणं नव्हतं. कॉल लागला की ६४ केबीपीएसचा एक मार्ग या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधून दिला जाई आणि फोन ठेवेपर्यंत तो दुसऱ्या कुणाला मिळत नसे. तुम्ही मोडेमवरून मोठी फाइल उतरवत होता की एक पान उघडून अर्धा तास वाचत बसला होता, एक्स्चेंजच्या लेखी दोन्ही सारखंच. म्हणजे त्या काळी ‘जास्त वापर’ म्हणजे जास्त वेळ, जास्त डेटा नव्हे. पान वाचताना त्या मार्गावरून जवळपास काहीच जात नसे, तरी तो अडकलेला. दोष वापरणाऱ्याच्या हावरटपणाचा नव्हता. बोलण्यासाठी बनवलेल्या यंत्रणेवर थांबत थांबत येणारा डेटा लादला होता, त्यात मुळातच वाया जाणं होतं.

हाच प्रश्न अमेरिकेत सरकारदरबारी गेला. तिथे घरगुती ग्राहकाला स्थानिक कॉलसाठी बहुतेक ठिकाणी मिनिटाचे पैसे पडत नसत, त्यामुळे मोडेम लावून तासन्‌तास बसलं तरी बिल तेवढंच. शिवाय दळणवळण नियामक एफसीसीने १९८३ मध्ये डेटा सेवा देणाऱ्यांना एक सूट दिली होती. लांब पल्ल्याच्या फोन कंपन्या स्थानिक नेटवर्क वापरण्याबद्दल मिनिटागणिक जे शुल्क भरत, ते यांना लागू नव्हतं. यांनी एखाद्या सामान्य व्यवसायासारखी लाइन घ्यायची आणि तिचं भाडं भरायचं. १९८७ मध्ये ही सूट काढण्याचा प्रस्ताव आला, लोकांनी त्याला ‘मोडेम टॅक्स’ म्हणत एवढा विरोध केला की पुढच्याच वर्षी तो गुंडाळावा लागला. मग १९९६ च्या सुमारास स्थानिक टेलिफोन कंपन्या आपापले अभ्यास घेऊन पुन्हा गेल्या. बोलण्याचा कॉल तीन-चार मिनिटांचा, इंटरनेटचा वीस मिनिटांच्या आसपास आणि कित्येक कॉल तासन्‌तास चालणारे, हे त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिका ऑनलाइन या नेट कंपनीने तासाचा हिशेब सोडून महिन्याला १९.९५ डॉलरचा एकच दर लावला. लोक कनेक्शन तोडेचनात आणि बाकीच्यांना नंबर सतत एंगेज मिळू लागला. तरीही मे १९९७ च्या आदेशात एफसीसीने सूट कायम ठेवली.

मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला होता, आजही वाटतो. कंपन्यांचे आकडे खोटे होते म्हणून नव्हे. आकडे खरेच होते, पण ताळेबंदाची एकच बाजू दाखवत होते. नेटसाठी लाखो घरांनी दुसरी लाइन घेतली होती. बऱ्याच ठिकाणी तिच्यासाठी लागणारी तांब्याची जोडी आधीच जमिनीत पडून होती, म्हणजे कंपनीला फारसा नवा खर्च न करता दर महिन्याला दुसरं भाडं मिळू लागलं. इंटरनेट सेवादार शेकडो लाइनी घेत, त्यांचं भाडं वेगळं. शिवाय ऑफिसांच्या भागातल्या एक्स्चेंजचा गर्दीचा तास सकाळी उशिराचा असतो आणि घरच्या नेटचा रात्रीचा. तिथे रात्री रिकामी पडणारी सर्किट वापरली गेली, त्याचा खर्च जवळजवळ शून्य. खरी अडचण होती निवासी भागातल्या एक्स्चेंजवर, जिथे दोन्ही गर्दी एकाच वेळी येत, आणि ज्या एक्स्चेंजला सेवादाराचे मोडेम जोडलेले असत तिथे.

या दुसऱ्या जागेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण अन्याय झालाच असेल तर तो इथे झाला. एक्स्चेंजमध्ये ग्राहकांच्या लाइनी गटागटाने एका लाइन युनिटवर येतात आणि त्या युनिटमधून स्विचकडे, म्हणजे कॉल जोडणाऱ्या मुख्य यंत्राकडे, जाणारे मार्ग लाइनींच्या संख्येपेक्षा बरेच कमी असतात, चार किंवा आठ लाइनींमागे एक असं काहीसं प्रमाण. आता सेवादाराने शंभर लाइनी मागितल्या आणि त्या ओळीने एकाच युनिटवर दिल्या गेल्या, तर संध्याकाळी त्या शंभरच्या शंभर एकदम व्यापल्या जाणार. त्याच युनिटवर ज्याची लाइन येते तो बिचारा शेजारी फोन उचलतो आणि त्याला डायलटोनच नाही. त्याने मोडेम पाहिलेलाही नसतो. यावर उपाय होता आणि तो फारसा महागही नव्हता. त्या लाइनी वेगवेगळ्या युनिटांवर पसराव्यात, किंवा सेवादाराला एकाच वेळी अनेक कॉल नेणारी डिजिटल प्रायमरी रेट लाइन देऊन थेट ट्रंकच्या बाजूने जोडावं, म्हणजे लाइन युनिट मध्ये येतच नाही. जिथे हे वेळेवर झालं तिथे तक्रारी पुष्कळ कमी झाल्या. जिथे झालं नाही तिथे नेट वापरणाऱ्यांना नावं ठेवली गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसला हा प्रकार होता.

ब्रिटनमध्ये परिस्थिती उलटी होती. तिथे स्थानिक कॉललाही मिनिटाचे पैसे पडत. नेटवर बसलेला माणूस फोन कंपनीला मिनिटागणिक पैसे देतच होता, त्यामुळे त्याला फुकट्या म्हणायची सोयच नव्हती. तिथे रडगाणं ग्राहकाचं होतं की बिल परवडत नाही. शेवटी २००० साली नियामकाने ब्रिटिश टेलिकॉमला इंटरनेट कॉलसाठी घाऊक ठोक दर द्यायला लावला. यंत्रं तीच, मोडेम तेच, पण बोजा कुणाचा कुणावर याचं उत्तर दोन देशांत वेगळं निघालं. हा प्रश्न तांत्रिक जेवढा आहे तेवढाच दर कसे लावलेत याचाही आहे, तो असा.

मूळ रोगावर औषध आलं ते डीएसएलच्या रूपात. बोलण्याला तांब्याच्या तारेवर ४ किलोहर्ट्‌झच्या खालची जागा पुरते. एडीएसएल, म्हणजे डीएसएलचा घरगुती प्रकार, साधारण २५ किलोहर्ट्‌झच्या वर सुरू होतं. एक्स्चेंजच्या दारातच स्प्लिटर दोन्ही वेगळे करतो: आवाज स्विचकडे, डेटा डीस्लॅम नावाच्या यंत्राकडे आणि तिथून पॅकेटच्या, म्हणजे डेटा छोट्या तुकड्यांत पाठवणाऱ्या, नेटवर्कमध्ये. डेटा टेलिफोनच्या स्विचमध्ये शिरतच नाही. चोवीस तास नेट चालू ठेवा, शेजाऱ्याच्या डायलटोनला काही होत नाही. ज्या दिवशी तुमच्या घरचं डायल-अप सुटलं त्या दिवशी ती जुनी तक्रार तांत्रिकदृष्ट्या संपली. लोकांच्या तोंडी मात्र ती अजून आहे.

आज तर पारडं पूर्ण फिरलं आहे. फोनवरचं बोलणंच आता बहुतेक ठिकाणी डेटाच्या नेटवर्कवरून जातं. नेहमीचा, न दाबलेला आवाज पॅकेटच्या वेष्टनासकट ९० केबीपीएसच्या आत बसतो. चांगल्या प्रतीचा एक व्हिडिओ साधारण ५ एमबीपीएस घेतो, म्हणजे पन्नासहून जास्त फोन कॉलएवढी जागा. आज नेटवर्क व्हिडिओसाठी बांधलं जातं आणि फोन त्याच्या एका कोपऱ्यात आरामात मावतो.

मग आज बोजा पडतो तो कुठे? तुमच्या घरात फायबर असेल तर वाट अशी आहे. घरातून एक धागा निघतो, वाटेत काचेच्या स्प्लिटरवर ३२ किंवा ६४ घरांचे धागे एकत्र येतात आणि एकच धागा कंपनीच्या ओएलटी यंत्राच्या एका पोर्टला जातो. जीपॉन प्रकारच्या यंत्रणेत त्या पोर्टची खाली येणारी क्षमता सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जाणारी १.२५. समजा चौसष्टही घरांत एकाच वेळी फोर-के सिनेमा लागला, प्रत्येकी १५ एमबीपीएस. एकूण ९६० एमबीपीएस. सगळी घरं, सगळ्यांत जड सिनेमा, एकाच क्षणी, आणि तरी निम्म्याहून जास्त जागा शिल्लक. इथे शेजाऱ्याच्या जास्त वापराने तुमचं नेट मंदावतं हे म्हणणं टिकत नाही.

अडचण येते पुढच्या टप्प्यात. एका ओएलटीला सोळा पोर्ट असतील तर हजारभर घरं तिच्यावर येतात आणि त्या सगळ्यांचा डेटा एका अपलिंकवरून, म्हणजे पुढच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या सामायिक वाटेवरून, पुढे जातो. प्लॅनवर शंभर किंवा पाचशे एमबीपीएस लिहिलेलं असलं तरी गर्दीच्या तासात घरटी सरासरी मागणी काही एमबीपीएस एवढीच असते. तीन धरा. हजार घरांचे तीन जीबीपीएस झाले. दहा जीबीपीएसची अपलिंक असेल तर कुणाला काही जाणवणार नाही. पण तिथे एक जीबीपीएसवर भागवलेलं असेल तर रोज रात्री सगळ्यांचं नेट रडणार, आणि कंपनीचा माणूस सांगणार की तुमच्या भागात वापर फार वाढलाय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चांगल्या कंपन्या अपलिंक सत्तर-ऐंशी टक्के भरू लागली की वाढवायच्या मागे लागतात. हे आलेख त्यांच्याकडे चोवीस तास असतात आणि अपलिंक कधी भरणार हे महिनोन्‌महिने आधी दिसत असतं. माहीत असून न वाढवणं हा त्यांचा निर्णय असतो, आणि त्याची जबाबदारी ग्राहकावर ढकललेली मला अजिबात पटत नाही.

जीबी मोजून माणूस ओळखू नये असं मी का म्हणतो, ते दोन घरं शेजारी ठेवून बघू. पहिल्या घरात महिन्याला ९०० जीबी जातात, पण त्यातला मोठा भाग मध्यरात्रीनंतर चालणारा बॅकअप आणि मोठमोठी डाउनलोड. दुसऱ्या घरात महिन्याला जेमतेम ६० जीबी. आठवड्यातून दोनदा, रात्री नऊ ते दहा, फोर-के सिनेमा. त्या तासाला १५ एमबीपीएसने पावणेसात जीबी जातात, त्यामुळे महिन्याचा हिशेब बरोबर जुळतो. कंपनीला अपलिंक वाढवायला भाग पाडणारं घर यातलं दुसरं आहे. पहाटे तीनला नेटवर्क रिकामं असतं, त्या वेळी गेलेल्या जीबीला नवी केबल लागत नाही, नवं यंत्र लागत नाही. पण एफयूपीची, म्हणजे प्लॅनमधली महिन्याच्या जीबीची, मर्यादा ओलांडली म्हणून वेग कुणाचा कमी केला जातो? पहिल्या घराचा. महिन्याची मर्यादा घालणं कंपनीला सोपं जातं, ग्राहकाला समजतं, आणि महागडे प्लॅन विकायला उपयोगी पडतं. ही कारणं व्यापारी आहेत आणि व्यापार करायला माझा आक्षेप नाही. पण त्याला नेटवर्कवरच्या अन्यायाचं नाव देऊ नये.

मार्च २०२० मध्ये या सगळ्याची मोठी परीक्षा झाली. लोक घरात बसले, कामं, शाळा, करमणूक सगळं नेटवर आलं. युरोपीय आयोगाचे आयुक्त थिएरी ब्रेटन यांनी व्हिडिओ कंपन्यांना प्रत उतरवायची विनंती केली, नेटफ्लिक्सने तीस दिवसांसाठी युरोपातला आपला ट्रॅफिक सुमारे २५ टक्के कमी करण्याचं जाहीर केलं. खबरदारी म्हणून ते ठीकच होतं. पण नेटवर्क कोसळली नाहीत, आणि त्याचं एक मोठं कारण आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही आलेखात दिसत होतं: वाढलेल्या वापरातला पुष्कळ भाग दिवसा आला. रात्रीच्या शिखरासाठी बांधलेली क्षमता दिवसभर अर्धी रिकामी असते, ती भरली. शिखरही चढलं, पण एकूण डेटा ज्या प्रमाणात वाढला त्या मानाने कमी.

जास्त वापरणारा दुसऱ्याला खरंच अडवू शकतो का, याचं तांत्रिक उत्तरही बदललं आहे. जुन्या फोनमध्ये आधी आलेला पूर्ण सर्किट धरून बसे आणि नंतरच्याला नकार मिळे. पॅकेटच्या नेटवर्कमध्ये वाट भरली की टीसीपी, म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग सांभाळणारी नियमावली, आपोआप हात आखडता घेतं आणि सगळेच थोडे मंदावतात. ही शिस्त १९८६ च्या ऑक्टोबरात बर्कलीमध्ये आलेल्या अनुभवानंतर बसली. तिथल्या ३२ केबीपीएसच्या एका दुव्यावर प्रत्यक्ष वेग ४० बीपीएसपर्यंत घसरला होता, आणि त्यावर व्हॅन जेकबसन यांनी दिलेली युक्ती १९८८ पासून सगळीकडे रुजली. तिच्यात एक फट आहे. वाटणी माणशी होत नाही, जोडणीमागे होते. कुणी एकाच वेळी चाळीस जोडण्या उघडल्या तर त्याला चाळीस वाटे मिळू शकतात. फाइल वाटपाची सॉफ्टवेअर हेच करत, आणि केबलच्या जुन्या नेटवर्कवर वर जाणारी वाट अगदी अरुंद आणि सगळ्या गल्लीची मिळून एक असल्यामुळे तिथे काही मोजके लोक खरंच इतरांना त्रास देऊ शकत.

अमेरिकेत कॉमकास्ट या केबल कंपनीने यावर काढलेला, २००७ मध्ये उघडकीस आलेला उपाय वाईट होता. ग्राहकाच्या फाइल वाटपाच्या बिटटोरेंट जोडण्यांमध्ये परस्पर तोडण्याचा खोटा संदेश घुसवायचा, गर्दी असो वा नसो. ऑगस्ट २००८ मध्ये एफसीसीने त्याविरुद्ध आदेश दिला. त्यानंतर कॉमकास्टने जी पद्धत आणली ती मात्र मी नेहमी उदाहरण म्हणून देतो. तुमच्या भागाची वाट भरत आली असेल तेव्हाच बघायचं की गेल्या पंधरा मिनिटांत कुणी आपल्या वेगाचा मोठा भाग सतत वापरला. त्याच्या पॅकेटना थोडा वेळ मागच्या रांगेत ठेवायचं. गर्दी ओसरली की पूर्ववत. तो काय वापरतो हे विचारायचं नाही, महिन्याला किती वापरतो हेही नाही. भार जिथे आणि जेव्हा पडतो तिथेच आणि तेव्हाच उपाय. न्याय्य वाटणी असं कुणी विचारलं तर मी याच्याकडे बोट दाखवेन. (त्याच सुमारास कॉमकास्टने महिन्याला २५० जीबीची मर्यादाही घातली होती. ती या कामासाठी लागत नव्हती.)

मोबाइलच्या टॉवरवरून घरचं नेट घेतलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि तिथे मी ग्राहकालाही जरा विचार करायला सांगेन. हवेतल्या लहरी वाढवता येत नाहीत. फायबर आणखी एक टाकता येतो, स्पेक्ट्रम कंपनीकडे आहे तेवढाच. टॉवर ही जागा छोट्या छोट्या तुकड्यांत वाटतो आणि तुमच्या वाट्याला किती तुकडे लागतात हे तुमच्या सिग्नलवर ठरतं. सिग्नल उत्तम असेल तर लहरीच्या एका चिन्हात, म्हणजे एका ठोक्यात, ८ बिट बसतात, अगदी क्षीण असेल तर २, आणि त्यातही चुका दुरुस्त करायला जास्त जागा जाते. तोच सिनेमा, तेवढेच जीबी, पण जाड भिंतीआड ठेवलेल्या राउटरसाठी टॉवरला चौपटीहून जास्त जागा खर्चावी लागते. एखाद्या घराने राउटर आतल्या खोलीतून टॉवरच्या दिशेच्या खिडकीत आणला तर त्याचं स्वतःचं नेट सुधारतंच, पण त्या टॉवरवरच्या सगळ्यांना थोडी जागा मोकळी होते. भिंतीआड ठेवलेले असे काही राउटर एका टॉवरखाली असतील तर रात्री फिरत्या ग्राहकांचे फोन मंदावतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. म्हणून अशा जोडणीवर कंपनीने आकडा स्पष्ट सांगून मर्यादा घातली तर ती मला रास्त वाटते. अट एकच: ‘अमर्याद’ म्हणून विकू नये.

पैशाच्या अन्यायाबद्दल विचारलं आहे, तर तेही बघू. ठोक दराच्या प्लॅनमध्ये कमी वापरणारा जास्त वापरणाऱ्याला थोडा हातभार लावतो हे खरं. पण घरच्या नेटच्या खर्चात सगळ्यांत मोठा वाटा असतो खणून केबल टाकणं, ती घरापर्यंत आणणं, तिची दुरुस्ती, बिलिंग, माणसं. तुम्ही एक जीबी वापरा की हजार, तो तेवढाच. वापराबरोबर वाढणारा भाग त्या मानाने लहान आहे आणि यंत्रं सुधारतात तसा दर जीबीमागे तो घटत आला आहे. शिवाय मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपल्या साठवणुकीची यंत्रं फोन कंपन्यांच्या आवारात बसवतात. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये हे उघडपणे सुरू केलं. तुम्ही बघता तो सिनेमा समुद्रापलीकडून न येता बऱ्याचदा तुमच्याच कंपनीच्या जवळच्या केंद्रातून येतो.

तरी कंपन्यांची जुनी मागणी नव्या रूपात येत राहते. आता बोट ग्राहकाकडे नसून व्हिडिओ कंपन्यांकडे असतं: त्यांनी पाठवलेल्या डेटाचे पैसे त्यांनी द्यावेत. युरोपातल्या नियामकांच्या बेरेक या संस्थेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राथमिक तपासणी करून सांगितलं की फुकटेपणाचा पुरावा दिसत नाही. डेटा ग्राहक मागवतो आणि त्या जोडणीचे पैसे ग्राहक भरतो. दक्षिण कोरियात २०१६ पासून नेट कंपन्यांमध्ये ‘पाठवेल तो भरेल’ असा नियम आहे. थेट व्हिडिओ दाखवणाऱ्या ट्विचने २०२४ च्या फेब्रुवारीत तिथली सेवा बंद केली तेव्हा नेटवर्कचं न परवडणारं शुल्क हेच कारण दिलं. तुमच्यासारख्या ग्राहकाने हा वाद वाचताना एवढं लक्षात ठेवावं की व्हिडिओ कंपनी आपणहून तुमच्या घरात काही ढकलत नाही. तुम्ही बटण दाबता तेव्हा ते येतं, आणि ते आणून देण्यासाठीच तुम्ही दर महिन्याला बिल भरता.

आता तुमच्या घरापुरतं. रात्री नेट मंदावत असेल तर पहिल्यांदा वायफाय बाजूला ठेवून राउटरला वायरने जोडून वेग मोजा, एकदा पहाटे आणि एकदा रात्री नऊला, असं काही दिवस. पहाटे पूर्ण आणि रात्री निम्मा येत असेल तर पुढची सामायिक वाट भरली आहे. ते आकडे तारीख-वेळेसह कंपनीला पाठवा आणि तुमच्या ओएलटीची अपलिंक गर्दीच्या तासात किती टक्के भरते हे थेट विचारा. मोघम तक्रारीपेक्षा हा प्रश्न लवकर वरच्या माणसापर्यंत जातो. दोन्ही वेळी सारखंच मंद असेल तर दोष बहुधा घरातला किंवा तुमच्याच लाइनचा.

आणि व्हिडिओ कॉल अडखळतो तो कित्येकदा शेजाऱ्यामुळे नव्हे, तुमच्याच फोटोंच्या बॅकअपमुळे. वर जाणारी वाट भरली की राउटरमध्ये पॅकेटची लांब रांग लागते आणि कॉलची पॅकेटं तिच्या शेपटाला उभी राहतात. राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा एफक्यू-कोडेल (ही रांग आटोक्यात ठेवणाऱ्या सोयी) असं काही दिसलं तर ते चालू करा आणि वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर ठेवा. ते नसेल तर बॅकअपची वेळ रात्री दोननंतरची लावा.